झाकण काढू की ठेवू?



वैशाखातली पत्रं बहुधा वाळवणाची असतात. कुरडयांचा चीक आंबट झाला, सरगुंडे वाळताना तुटले, लोणच्याला बुरशी आली. यंदा मात्र अकोल्याच्या एका वहिनींनी निराळाच प्रश्न पाठवलाय. त्यांच्या घरी आठ वर्षांची पेट्रोलची गाडी आहे. बॉनेट उघडलं की इंजिनावर काळ्या प्लॅस्टिकचं मोठं झाकण दिसतं, त्यावरून घरात दोन तट पडलेत. गॅरेजमधला पोऱ्या म्हणतो, "काहाले ठेवता हे वहिनी? गर्मी कोंडते त्यानं. काढून ठेवा न जी." मामंजींचं म्हणणं असं की कंपनीनं दिलेली वस्तू काढायची नाही, धूळ जाऊन इंजिन झिजेल. वहिनींचे यजमान दोघांच्याही बोलण्यावर मान हलवतात. पण मुलांच्या शिकवणीला, बाजाराला आणि माहेरी अमरावतीला गाडी नेतात त्या स्वतः वहिनी. तेव्हा त्यांनी विचारलंय, झाकण काढू की ठेवू?

असले प्रश्न "ते यांना विचारा" म्हणून ढकलायचे दिवस गेले. आपल्यापैकी कितीतरी जणी आता गाडी चालवतात, आणि ज्या चालवत नाहीत त्या शेजारच्या सीटवर मांडीवर डबे घेऊन बसलेल्या असतात. गाडी भर उन्हात बंद पडली तर रस्त्यावर सगळ्यांनाच उभं राहावं लागतं. म्हणून आज वाळवण बाजूला ठेवून या झाकणाचंच बोलू.

आधी जुनी गोष्ट आठवा. अ‍ॅम्बॅसडर, फियाट, अगदी १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० घ्या. यांचं बॉनेट उघडलं की इंजिन सरळ डोळ्यांना दिसायचं. वर प्लॅस्टिकचं झाकण नव्हतंच. त्या गाड्यांनी आपल्याकडचे उन्हाळे वीस-वीस वर्षं काढले, झाकण नाही म्हणून कुणाचं इंजिन झिजलं नाही. हे झालं मामंजींसाठी. आता गॅरेजमधल्या पोऱ्यासाठी: झाकण नसूनही त्या गाड्या तापायच्याच! चिखलदऱ्याच्या घाटात बॉनेट वर करून, चाकाला दगड लावून उभ्या असलेल्या गाड्या आणि कॅन घेऊन पाणी शोधणारी माणसं आपण लहानपणी पाहिलेली आहेत. तेव्हा झाकणानं इंजिन तापतं हेही खरं नाही आणि झाकण नसल्यानं ते झिजतं हेही खरं नाही.

मग ते दिलंय कशाला? मुख्य काम आवाजाचं. झाकण उलटं करून पाहा, आतून स्पंजासारखा जाड थर चिकटवलेला दिसेल. इंजेक्टरची टिकटिक आणि इंजिनाची घरघर तो थोडी गिळून टाकतो. दुसरं म्हणजे दिसणं. अलीकडच्या इंजिनांवर तारा, नळ्या, जोडण्या यांचं जाळं फार झालं, ते झाकलं की बॉनेट उघडणाऱ्याला बरं वाटतं. पाहुणे यायच्या वेळी पसाऱ्यावर आपण चादर टाकतो, तसाच हा प्रकार. तिसरा लहानसा उपयोग असा की धूळ, पाण्याचे शिंतोडे, झाडाचा पाला थेट तारांवर आणि प्लगच्या खड्ड्यांवर पडत नाही.

उष्णतेचं गणित वेगळ्याच ठिकाणी चालतं. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची फार तर चौथाई ते तिसरा हिस्सा ताकद चाकापर्यंत पोचते. बाकीची सगळी उष्णता. तिच्यातली बरीचशी सायलेन्सरवाटे धुराबरोबर जाते आणि जवळजवळ तेवढीच इंजिनाभोवती फिरणारं पाणी उचलतं. (आजकाल त्या पाण्यात औषध मिसळलेलं असतं, त्याला कूलंट म्हणतात. मी सोयीसाठी पाणीच म्हणेन.) हे पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये जातं, तिथे वाऱ्यानं निवतं आणि परत येतं. मधे थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप बसवलेली असते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापलं की ती उघडायला लागते, पाणी निवलं की मिटते. इंजिनाला फार गार राहणंही मानवत नाही, म्हणून ही राखण.

आता वरचं झाकण काढून इंजिनाचा माथा जरा निवला असं धरलं, तरी ती झडप तेवढीच मिटून घेणार आणि पाणी पुन्हा आपल्या ठरलेल्या तापमानावर येणार. स्वयंपाकघराची खिडकी उघडली म्हणून फ्रीजमधलं दूध जास्त थंड होत नाही, तसंच. शिवाय गाडी चालते तेव्हा वारा समोरच्या जाळीतून शिरतो, रेडिएटरमधून जातो आणि बहुतेक खालच्या बाजूनं बाहेर पडतो. वरचं झाकण त्याच्या वाटेत येतच नाही.

फरक पडतो तो एवढाच: गाडी थांबवल्यावर काही वेळ इंजिनाची आतली धग वर येत राहते, तेव्हा झाकण नसेल तर माथ्यावरच्या तारा आणि रबरं थोडी लवकर निवतात. त्याच्या बदल्यात आवाज जरा वाढतो. एवढ्यासाठी घरात भांडण नको.

मामंजींच्या झिजेचं मात्र आणखी थोडं सांगायला हवं, कारण धुळीची त्यांची धास्ती चुकीची नाही, फक्त वाट चुकलीय. इंजिन बाहेरून बंद असतं. धूळ माथ्यावर बसली तर ती फडक्यानं पुसता येते, आत जात नाही. आत हवा जाते ती एअर फिल्टरच्या एकाच वाटेनं. आपल्या काळ्या मातीची पिठासारखी धूळ फिल्टर फाटल्यामुळे, किंवा त्याची पेटी नीट न बसल्यामुळे आत गेली, की मग खरी झीज. काचकागद फिरवल्यासारखी. आणि म्हणूनच एक इशारा: काही गाड्यांत वरचं काळं झाकण म्हणजेच एअर फिल्टरची पेटी असते. ओळखायचं कसं? झाकणाला मनगटाएवढी जाड नळी जोडलेली असेल, कडेनं क्लिपा किंवा स्क्रू असतील, तर ती पेटी समजा आणि तिला हात लावू देऊ नका. नुसतं शोभेचं झाकण चार रबरी गोट्यांवर दाबून बसवलेलं असतं, वर ओढलं की निघतं.

"झाकण काढा" हा सल्ला ऐकताना कोणतं झाकण, हे विचारायचंच. एका झाकणापाठोपाठ दुसरंही निघतं, आणि सगळी झाकणं सारखी नसतात.

रेडिएटरच्या पंख्याभोवती प्लॅस्टिकचं एक गोल कोंदण असतं. ते तुटलं की पुष्कळदा गॅरेजात काढून ठेवतात, "काई फरक पडत नाई" म्हणून. फरक पडतो. आपला कूलर घ्या. तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या नीट लावलेल्या असतात तेव्हा पंखा ओल्या ताट्यांतून हवा ओढतो. एका बाजूची ताटी काढून पाहा. पंखा तेवढाच फिरेल, वाराही येईल, पण गरम! कारण हवा सोपी वाट धरते, ओल्या ताटीतून जायचे कष्ट घेत नाही. पंख्याभोवतीचं कोंदण काढलं की रेडिएटरचं हेच होतं. पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी कडेची हवा ओढतो आणि पाणी निवत नाही. म्हणजे उघडं केलं आणि जास्त तापलं. गाडीच्या पोटाखालचा प्लॅस्टिकचा पत्राही असाच. चिखल आणि खडी तो अडवतोच, शिवाय काही गाड्यांत वाऱ्याला वळण लावायचं कामही त्याच्याकडे असतं.

दुसरा असतो टिनाचा पत्रा. सायलेन्सर इंजिनापाशी जिथून सुरू होतो त्या नळीवर तो असतो. जुना झाला की खडखड वाजतो आणि वाजतो म्हणून काढला जातो. ती नळी काही शे अंश तापते. पत्रा गेला की जवळच्या तारांचं आवरण वितळतं, रबरी नळ्या करपतात, आणि वर तेल गळत असेल तर पेटही घेऊ शकतं. खडखडणारा पत्रा नव्या पट्टीनं आवळून घ्यायचा, काढायचा नाही.

आणि तिसरी गोष्ट शाळेच्या फाटकाशी उभं राहणाऱ्या आयांसाठी. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, पुढे ती ओम्नी झाली. २०१९ साली तिचं उत्पादन थांबलं, पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. २०१० मध्ये आलेली ईकोही त्याच घडणीची. या गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं. तिथलं झाकण, त्याखालचा उष्णतारोधक थर आणि कडेची रबरी पट्टी ही नुसती शोभा नव्हे. मुलांचे पाय आणि तापलेलं इंजिन यांच्या मधे तेवढीच भिंत आहे. पट्टी फाटलेली असेल, झाकण नीट बसत नसेल, तर धग वर येतेच, आणि सायलेन्सर फुटलेला असेल तर धूरही आत येतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मुलं रोज व्हॅनमधून उतरताना डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप येतेय म्हणत असतील, तर सगळं उन्हावर ढकलू नका. व्हॅनवाल्या दादांना पुढची सीट उचलून दाखवायला सांगा. संकोच करायचं काही कारण नाही.

आता वहिनींच्या पत्राकडे परत येते. दोन पानं झाकणाबद्दल आहेत. पण शेवटी, सही करायच्या आधी, त्यांनी सहज एक ओळ लिहिलीय: टॉवर चौकात सिग्नलला थांबलं की काटा थोडा वर जातो, मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागलं की खाली येतो, आणि आठवड्याला ग्लासभर पाणी डब्यात घालावं लागतं, ते मी बोअरचं घालते.

वहिनी, तुमचा खरा प्रश्न हा आहे. झाकणावर कुणाचंही ऐका, पण या ओळीसाठी याच आठवड्यात गाडी दाखवून आणा.

काट्याचं आधी. गाडी उभी असताना तापते आणि पळताना निवते, याचा अर्थ पळताना वारा मिळतो तो पुरतो, उभं असताना पंख्यानं द्यायचा वारा पुरत नाही. म्हणजे पंखा उशिरा लागतोय, हळू फिरतोय, किंवा जाळी बाहेरून बुजलीय. आपल्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यानं गाडी गेली की रुईचे तंतू जाळीत जाऊन बसतात, त्यावर धूळ, त्यावर किडे. चहाच्या गाळणीसारखी गत होते. पाण्याच्या मंद धारेनं, जाळीची नाजूक पानं न दुमडता, ती धुऊन घ्यावी. याउलट काटा पळताना किंवा चढावर वर जात असेल आणि चौकात ठीक असेल, तर दोष बहुधा आतल्या पाण्याच्या वाहण्यात असतो. मिस्त्रीला "गाडी गरम होते" एवढंच न सांगता कधी होते ते सांगितलं, तर त्याचं अर्धं काम होतं आणि आपले पैसेही वाचतात. काही नव्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अजून गार, लाल म्हणजे गाडी तत्काळ बाजूला घ्या.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे जास्त जाणवतं त्यालाही कारण आहे. २६ मे २०२० ला अकोल्यात पारा ४७.४ अंशांवर गेला होता. २०२४ च्या मे अखेरीस तर उन्हामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावलं होतं, भर दुपारचे शिकवणी वर्गसुद्धा बंद ठेवायला सांगितले होते. आता हिशोब करा. रेडिएटरमधलं पाणी ९० अंश आणि डिसेंबरच्या पहाटेची हवा १२ अंश, म्हणजे मधे ७८ अंशांचा फरक. मे महिन्यात हवा ४६ अंश, म्हणजे फरक उरला ४४ चा. जेवढा फरक तेवढं निवणं. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात जवळजवळ निम्म्याच ताकदीनं काम करतो, आणि त्यात एसीचं ओझं. हिवाळ्यात खपून गेलेली लहानशी खोट नवतप्यात उघडी पडते ती यामुळे. अमरावती-अकोला रस्ता २०२२ च्या जूनमध्ये गाजला होता, ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. अशा रस्त्यावर गाडी सलग ऐंशीनं चालते, वारा भरपूर मिळतो, काटा शहाण्यासारखा वागतो. पण पुढे राजकमल चौकातल्या गर्दीत दहा मिनिटं उभं राहिलं की परीक्षा होते.

आता पाणी. गाडीचं पाणी बंद नळ्यांत फिरतं, ते आटायचं कारण नाही. वर्षाकाठी थोडं उतरलं तर ठीक. आठवड्याला ग्लासभर जात असेल, तर ते कुठेतरी जातंय. सकाळी गाडी काढल्यावर जमिनीवर हिरवा, गुलाबी ओला डाग दिसतो का पाहा. रबरी नळ्यांच्या टोकांना पांढरे खार फुटलेत का पाहा. शेजारच्या सीटपुढची सतरंजी ओलसर लागते का, हेही चाचपा, हीटरची जाळी फुटली की पाणी तिथे झिरपतं. रेडिएटरच्या टोपणाचं रबर कडक झालं तरी पाणी जातं. कुकरची रिंग सैल झाली की वाफ कडेनं सुटते आणि डाळ शिजत नाही, तसंच हे. टोपण दोन-चारशे रुपयांत येतं.

बाहेर काहीच दिसत नसेल तर मात्र जास्त काळजी करावी, कारण मग पाणी इंजिनाच्या आत जात असण्याची शक्यता असते. इंजिन गार असताना तेलाचं टोपण उघडा. आतून लोण्यासारखा पिवळट-पांढरा चिकटा दिसला, किंवा डिपस्टिकवरचं तेल ताकाळ दिसलं, किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर हेडचं गॅस्केट गेलंय असा संशय घ्यावा. (थंडीत थोड्या अंतरावरच गाडी फिरत असली तर टोपणाला थोडा चिकटा साध्या दमटपणानंही धरतो, तेवढ्यानं घाबरू नये.) अशी गाडी पुढे रेटली की हेड वाकतं, आणि मग वर्षभराची भिशी एका बिलात जाते. झाकण काढलं म्हणजे उपाय झाला असं समजून हे दुखणं महिनाभर अंगावर काढणं, यात खरा तोटा आहे.

आणि वहिनी, बोअरचं पाणी आजपासून बंद. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्याला नवा नाही. त्या पाण्यानं डाळ शिजत नाही, कूलरच्या ताट्या पांढऱ्या होतात, गिझरची कांडी चुन्यानं माखते. तेच क्षार तापलेल्या इंजिनात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. भिंतीवर चुन्याचा थर चढला की पाणी फिरतं पण उष्णता उचलत नाही, शिवाय लोखंड गंजतं. तुमचं बोअर गोडं असलं तरी गाडीत नकोच. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन बहुतेकींच्या घरी असतो, ते पाणी अडीअडचणीला चालतं. नेहमीसाठी गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं कूलंटच घ्यावं. दोन रंगांची कूलंटं एकत्र करू नयेत. तुमच्या गाडीत इतकं बोअरचं पाणी गेलंय, तर आतलं सगळं काढून, धुऊन, नव्यानं भरून घ्या. वाटेत गाडी तापली आणि दुसरं काहीच नसलं तर मात्र मिळेल ते पिण्याचं पाणी घालून घर गाठावं, नंतर बदलावं. कोरडं इंजिन चालवण्यापेक्षा ते बरं.

कूलंटबद्दल घरातल्या बाईनं एक लक्षात ठेवावं. दिसायला ते सरबतासारखं, चवीला गोडसर, आणि जहरी. उरलेलं कूलंट पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीच भरू नका. मूळ डब्यातच, मुलांच्या हाताला न लागेल असं ठेवा. जमिनीवर सांडलं तर धुऊन टाका, मांजर-कुत्री चाटतात.

सुट्टीत चिखलदऱ्याला जायचा बेत असणाऱ्यांसाठी दोन शब्द. परतवाडा सोडून घाट लागला की गाडी खालच्या गिअरमध्ये, हळू आणि जोर लावून चढते. म्हणजे उष्णता जास्त, वारा कमी. काटा वर सरकायला लागला की आधी एसी बंद करा. तरी सरकला तर काचा खाली करून हीटर पूर्ण लावा. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो आत ओढून घेतो. दहा मिनिटं सासूबाई कुरकुर करतील, करू द्या. तरीही लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागा पाहून थांबा, इंजिन बंद करा आणि सगळ्यांना सावलीत बसवा. वाफ ओसरल्यावर बॉनेट उघडा. उभ्या गाडीचं बॉनेट उघडल्यानं धग खरंच निघून जाते. झाकण काढायचा सल्लाही मला वाटतं याच अनुभवातून निघाला असावा.

पण रेडिएटरचं टोपण अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही. इंजिन हाताला गार लागेपर्यंत नाहीच. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं. वाफ भरलेल्या कुकरचं झाकण ओढावं तसं ते तोंडावर उसळतं. कुणी पुरुष माणूस घाईनं फडकं गुंडाळून टोपण फिरवायला लागला, तर हात धरून थांबवा. भलतं धाडस आहे ते. तापलेल्या इंजिनावर गार पाण्याची बादली ओतणंही वाईट, धातूला तडा जातो.

राहिलं ते झाकण. वहिनी, माझं मत विचाराल तर ठेवा. तुमची गाडी उघडी आंगणात उभी असते, पावसाळा तोंडावर आहे, आणि धुण्याच्या केंद्रावर पोरं बॉनेट उघडून जोराचं पाणी मारतात. प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं की गाडी धक्के देत चालते. तेवढं तरी झाकण वाचवेल. महिन्यातून एकदा मात्र ते उचलून पाहा, कारण आतल्या उबेला उंदीर स्पंज कुरतडून घर करतात आणि मग तारा खातात. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांचा वास एसीतून मुलांच्या नाकात जातो. स्पंज तेलानं भिजलेला असेल, तर तेल कुठून गळतंय ते आधी शोधा आणि तसला स्पंज परत बसवू नका. झाकणाच्या रबरी गोट्या गेल्या असतील आणि ते हलून एखाद्या नळीवर घासत असेल, तर नव्या गोट्या मिळेपर्यंत काढून ठेवलेलं बरं. तेलाचं टोपण आणि डिपस्टिक मात्र जागच्या जागी घट्ट हवी.

काढलंच तर फेकू नका. आतलं-बाहेरचं पुसून, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर आडवं ठेवा, वर ट्रंक ठेवू नका, उन्हाळ्यात प्लॅस्टिक वाकतं. चारही गोट्या आणि क्लिपा एका डबीत घालून, डबी त्याच चादरीत बांधा आणि वर चिठ्ठी लावा. पुढे गाडी विकायची वेळ आली की गिऱ्हाईक बॉनेट उघडून पहिलं तेच विचारतं.